प्लायचा दाखला, गोंदाचा हिशेब

1 मार्च 2015 रोजी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमाचा एक भाग दाखवला गेला. लंबर लिक्विडेटर्स या लाकडी फरशा विकणाऱ्या दुकानांच्या साखळीतून, चीनमध्ये बनलेल्या लॅमिनेट फरशीची 31 खोकी घेऊन ती प्रयोगशाळेत तपासली होती. माल कॅलिफोर्नियाच्या फॉर्मल्डिहाइड नियमात बसतो, असे प्रत्येक खोक्यावर छापलेले होते. प्रत्यक्षात बसला तो एकाच खोक्यातला. चांगझोऊच्या कारखान्यांत तर तिथल्याच माणसांनी छुप्या कॅमेऱ्यासमोर लेबल खोटे असल्याचे सांगून टाकले. पुढच्या वर्षी कंपनीने कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाला, म्हणजे 'कार्ब'ला, 25 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले.

लेबल हा दावा असतो, पुरावा नव्हे. प्लाय, एमडीएफ आणि गोंदाचे कागद जमवून हरित मानांकनाचा अर्ज भरणाऱ्यांना हा फरक बहुधा फार उशिरा कळतो. तोवर फर्निचर उभे राहिलेले असते, ठेकेदाराचे शेवटचे बिल निघालेले असते आणि परीक्षकाची हरकत येऊन पडलेली असते.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता दोनचार काचेच्या कार्यालयांपुरता राहिलेला नाही. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतींसाठी मानांकनाच्या पातळीनुसार 3, 5 आणि 7 टक्के वाढीव चटईक्षेत्राची सवलत आहे. एक-दोन गुणांनी 'गोल्ड' हुकले, तर किती चौरस फूट हातचे जातात याचा हिशेब बिल्डर मंडळींना शिकवावा लागत नाही. 'लीड' या अमेरिकन हरित मानांकनात 60 गुणांना गोल्ड आणि 80 ला प्लॅटिनम मिळते. चौथ्या आवृत्तीत नव्या इमारतींसाठी कमी उत्सर्जनाच्या साहित्याला तीनपर्यंत गुण आहेत. सौर पॅनेलच्या तुलनेत हे गुण स्वस्तात मिळतात, फक्त कागद वेळेवर हवेत.

फळीतून बाहेर काय पडते

प्लायचे थर, एमडीएफचे तंतू आणि पार्टिकल बोर्डाचा भुसा यांना एकत्र धरून ठेवते ते रेझिन. त्यात सर्वांत स्वस्त युरिया फॉर्मल्डिहाइड. ते लवकर घट्ट होते, त्याला रंग नसतो, म्हणून कारखानदारांचे ते लाडके. पण ओलावा आणि उष्णता मिळाली की त्याचे बंध थोडे थोडे सुटत जातात आणि फॉर्मल्डिहाइड वायू वर्षानुवर्षे बाहेर येत राहतो. कोकणातला जुलै या दृष्टीने कॅलिफोर्नियापेक्षा कितीतरी वाईट. फिनॉल फॉर्मल्डिहाइड मात्र बरेच स्थिर असते. प्लायच्या कापलेल्या कडेला थरांमध्ये तांबूस-काळसर रेघ दिसली, तर बहुधा तेच. 72 तास उकळत्या पाण्याची परीक्षा देणारा आयएस 710 चा मरीन प्लाय याच जातीच्या रेझिनवर बनतो, आणि स्वस्तातला एमआर ग्रेड साधारणपणे युरियाच्या.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. सामान्य अमेरिकन माणसाला ते नाव माहीत झाले कॅटरीना वादळानंतर. 2005 मध्ये बेघर झालेल्यांना सरकारने जे ट्रेलर राहायला दिले, त्यांत डोळे चुरचुरण्याच्या, श्वास लागण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. डिसेंबर 2007 ते जानेवारी 2008 या काळात अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 519 ट्रेलर आणि फिरती घरे तपासली. सरासरी निघाली अब्जात 77 भाग. लीडच्या चौथ्या आवृत्तीत इमारत वापरात येण्यापूर्वी हवेची चाचणी करायची झाल्यास फॉर्मल्डिहाइडची मर्यादा आहे अब्जात 27 भाग.

कार्बचा नियम 2007 चा. देशभरासाठीचा अमेरिकन कायदा 2010 मध्ये झाला, त्याखालच्या नियमांचे पालन 1 जून 2018 पासून सक्तीचे झाले. त्याचे नाव 'टोस्का टायटल सिक्स'. भारतीय वास्तुविशारदांच्या फायलींतही हे नाव दिसते.

चार मोजपट्ट्या, एक फळी

दुकानदाराला 'फॉर्मल्डिहाइड कमी असलेला प्लाय द्या' म्हटले की तो 'ई-झिरो आहे ना' म्हणतो. कधी 'ई-वन', कधी 'कार्ब पास', कधी चार चांदण्यांचे जपानी चिन्ह. सगळे शब्द चांगलेच वाटतात. त्यांतला कोणता आपल्या मानांकनाला चालतो, हे खरेदीच्या आधी कळायला हवे.

युरोपच्या मानकात ई-1 आणि ई-2 असे वर्ग आहेत. ई-1 म्हणजे बंद कोठीतल्या हवेत एका घनमीटरला 0.124 मिलिग्रॅमपर्यंत, किंवा वेगळ्या पद्धतीने मोजल्यास 100 ग्रॅम फळीत 8 मिलिग्रॅमपर्यंत. 'ई-0' हा वर्ग त्या युरोपियन मानकात नाहीच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकात तो आहे आणि तिथे मोजदाद मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये होते. जपानची मोजदादही तशीच, चार चांदण्यांसाठी सरासरी 0.3 मिलिग्रॅम. अमेरिकेची मात्र पीपीएममध्ये: हार्डवूड प्लायला 0.05, पार्टिकल बोर्डाला 0.09, एमडीएफला 0.11 आणि पातळ एमडीएफला 0.13.

हे आकडे एकमेकांत बदलता येत नाहीत. 0.124 मिलिग्रॅम म्हणजे साधारण 0.1 पीपीएम, असा गुणाकार करून कोणी 'आमचा ई-1 एमडीएफ अमेरिकन मर्यादेतच बसतो' असे पत्र देऊ शकते. पण युरोपची कोठी 23 अंशांवर आणि 45 टक्के आर्द्रतेवर चालते, अमेरिकेची 25 अंशांवर आणि 50 टक्क्यांवर. तापमान आणि आर्द्रता बदलली की उत्सर्जन बदलते. परीक्षक असा गुणाकार मान्य करत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

दुसरा घोळ सूक्ष्म आहे आणि जास्त महाग पडतो. लीडच्या 2009 च्या आवृत्तीत अट होती, 'मिसळलेले युरिया फॉर्मल्डिहाइड नको'. फिनॉलवर चिकटवलेला मरीन प्लाय त्यात आरामात बसे. चौथ्या आवृत्तीपासून लागतात कार्बचे दोन खास वर्ग: 'नाफ', म्हणजे मुळात फॉर्मल्डिहाइडच न घातलेले रेझिन, किंवा 'युलेफ', म्हणजे अत्यंत कमी उत्सर्जनाचे. फिनॉल फॉर्मल्डिहाइडमध्ये फॉर्मल्डिहाइड आहेच, त्यामुळे तो प्लाय कितीही उत्तम असला तरी 'नाफ' होऊ शकत नाही. 'युलेफ' होऊ शकतो, पण त्यासाठी गिरणीने तसे प्रमाणन घेतलेले असावे लागते. साधा 'कार्ब फेज 2' दाखला, म्हणजे वर दिलेल्या मर्यादा पाळल्याचा, इथे पुरत नाही. जुन्या प्रकल्पाचे पत्र नव्या प्रकल्पाला जोडणारे सल्लागार नेमके इथे अडकतात.

नाफ दर्जासाठी गिरणीला तीन महिन्यांच्या नियमित चाचण्यांची नोंद आणि एक प्राथमिक चाचणी द्यावी लागते, युलेफसाठी सहा महिने आणि दोन चाचण्या. मग कार्ब एक कार्यकारी आदेश काढते. त्यावर क्रमांक असतो, गिरणीचे नाव-पत्ता असतो आणि मुदत असते दोन वर्षांची. विक्रेत्याकडे हा आदेशच मागावा. तो मिळाला की तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: फळीवरच्या शिक्क्यातली गिरणी हीच का, फळीचा प्रकार (प्लाय की एमडीएफ) हाच का, आणि उत्पादनाच्या तारखेला आदेश जिवंत होता का. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांपैकी एकालाच आदेश असणे अगदी शक्य आहे. कार्ब आणि अमेरिकेची पर्यावरण संस्था यांच्या याद्या सार्वजनिक आहेत. दहा मिनिटांचे काम, पण परचेस विभागात ते कोणाच्याच कामात लिहिलेले नसते.

भारतात फळीवरचा आयएसआय शिक्का वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. आयएस 303, आयएस 710 किंवा फ्लश डोअरचे आयएस 2202 मुख्यतः चिकटपणा, ताकद आणि पाण्यातला टिकाव पाहतात. तो शिक्का हवाच, पण उत्सर्जनाच्या रकान्यात तो लावला तर परीक्षक रकाना रिकामाच समजेल. 'ग्रीनप्रो'सारखे देशी चिन्हही उत्पादनाच्या बऱ्याच बाजू तपासते, पण त्यावरून कॅलिफोर्नियाची उत्सर्जन चाचणी झाली असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून पहिले काम फळी शोधण्याचे नाहीच. प्रकल्प कोणत्या मानांकनाच्या कोणत्या आवृत्तीखाली नोंदला आहे, ते आधी पाहावे. 2025 च्या एप्रिलमध्ये लीडची पाचवी आवृत्ती आली. त्याआधी नोंदलेले प्रकल्प मात्र आपल्या जुन्या नियमांनी चालतात. आयजीबीसी आणि ग्रिहा या भारतीय मानांकनांच्याही वेगवेगळ्या प्रकारच्या इमारतींसाठी वेगळ्या पुस्तिका आहेत. त्या पुस्तिकेतले संबंधित पान छापून निविदेलाच जोडावे. निविदेत 'लो-व्हीओसी साहित्य वापरावे' एवढेच लिहिले, तर ठेकेदाराने काहीही आणले तरी तो खोटा ठरत नाही.

डब्यावरचा आकडा आणि पाण्याचा घोळ

गोंदाचे प्रकरण प्लायपेक्षा किचकट. कारण प्लाय साइटवर सगळ्यांना दिसतो, गोंद दिसत नाही.

आपल्याकडच्या फर्निचरच्या कामात निदान दोन जातींचे गोंद असतात. एक पांढरा, पाण्यात मिसळलेला पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा, ज्याला महाराष्ट्रात कंपनी कोणतीही असो, फेविकॉलच म्हणतात. दुसरा पिवळसर, रबरावर आधारलेला, उघडताच डोक्यात वास जाणारा. सनमायका वळणावर किंवा कडेला लगेच बसवायचा असला की सुतार हा दुसरा डबा काढतो. घट्ट झाला की त्यात थिनर ओततो. मानांकनाच्या दृष्टीने पहिला बहुधा निरुपद्रवी, आणि अख्खा रकाना बुडवतो तो दुसरा.

यासाठी जी मोजपट्टी वापरली जाते ती लॉस एंजेलिस परिसरातल्या साउथ कोस्ट हवा व्यवस्थापन जिल्ह्याची, नियम क्रमांक 1168. बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, म्हणजे व्हीओसी, प्रतिलिटर किती ग्रॅम, याच्या मर्यादा त्यात कामानुसार ठरवल्या आहेत. लीड 2009 ने घेतलेल्या 2005 च्या तक्त्यात लाकडी फरशीच्या गोंदाला 100, सिरॅमिक टाइलच्या गोंदाला 65, ड्रायवॉल आणि पॅनेलच्या गोंदाला 50, लाकडावर लाकूड जोडणाऱ्या गोंदाला 30, कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हला 80, इमारतीतल्या सीलंटला 250. सॉल्व्हंटवर आधारलेल्या रबरी गोंदात हा आकडा सहज काहीशे ग्रॅमच्या घरात जातो. ऑक्टोबर 2017 मध्ये नियमात मोठी दुरुस्ती झाली, म्हणून तक्ता घेताना तो कोणत्या तारखेचा, हे पाहावे. आपली पुस्तिका कोणती तारीख सांगते, तीच बरोबर.

आता आकडा कसा वाचायचा, यातच खरी मेख आहे. नियमातला आकडा असतो 'पाणी आणि सूट दिलेली संयुगे वगळून'. समजा एका लिटर गोंदात 50 ग्रॅम व्हीओसी आहे आणि 600 मिलिलिटर पाणी. कंपनीचे माहितीपत्रक म्हणेल, 50 ग्रॅम प्रतिलिटर. पण पाणी वगळले की ते 50 ग्रॅम उरलेल्या 400 मिलिलिटरमध्ये मोजायचे, म्हणजे 125 ग्रॅम प्रतिलिटर. लाकडी फरशीची मर्यादा 100. डब्यावर 50 वाचून निश्चिंत झालेला माणूस इथे नापास होतो. कंपनीला लिहिताना म्हणूनच प्रश्न नेमका विचारावा: 'पाणी आणि सूट दिलेली संयुगे वगळून, नियम 1168 नुसार, या उत्पादनाचे व्हीओसी किती ग्रॅम प्रतिलिटर?' मोघम विचारले की मोघम उत्तर येते, आणि बऱ्याचदा ते मुंबईच्या विक्री कार्यालयातून येते, प्रयोगशाळेतून नाही.

सुरक्षा माहितीपत्रकात (पूर्वीच्या भाषेत एमएसडीएस) कधी व्हीओसी वजनाच्या टक्क्यांत असते. घनता माहीत असेल तर हिशेब सोपा आहे: टक्के गुणिले घनता गुणिले दहा. 5 टक्के व्हीओसी, घनता 1.1, म्हणजे 55 ग्रॅम प्रतिलिटर. हे पाण्यासकटचे, हे विसरू नये. अंतर्गत तपासणीसाठी असे गणित चालते. परीक्षकाकडे कंपनीचा स्वतःचा आकडाच जावा.

डब्यात किती आहे, याखेरीज हवेत किती सुटते, हा वेगळा प्रश्न आहे आणि लीडच्या नव्या आवृत्त्या तोही विचारतात. त्यासाठी कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याची चाचणीपद्धत आहे. दहा दिवस नमुना स्थिरावू द्यायचा आणि मग 96 तास कोठीत ठेवून मोजायचे. अहवालात तीन गोष्टी असाव्याच लागतात: कोणत्या जागेसाठी मोजले (खासगी कार्यालय की वर्गखोली), एकूण व्हीओसी कोणत्या टप्प्यात पडले, आणि प्रयोगशाळा आयएसओ 17025 मान्यतेची आहे का. ग्रीनगार्डचे प्रमाणपत्र जोडायचे तर ते 'गोल्ड' असावे. नुसते 'ग्रीनगार्ड' वेगळ्या, सौम्य कसोटीचे असते. दोन्ही प्रमाणपत्रे दिसायला इतकी सारखी की घाईत भल्याभल्यांची फसगत होते.

लीड 4.1 मध्ये गोंद-सीलंटच्या वर्गासाठी 75 टक्के माल हवेतल्या उत्सर्जनाच्या कसोटीत बसावा लागतो, पण डब्यातल्या व्हीओसीच्या कसोटीत 100 टक्के. ही 'शंभर टक्के'ची अटच खरी अडचणीची.

कारण गोंद फक्त सुताराकडेच असतो असे नाही. प्लंबर शाफ्टमध्ये सीपीव्हीसी पाइप जोडतो त्याचे सॉल्व्हंट सिमेंट (मर्यादा 490), वातानुकूलनवाला थंड पाण्याच्या पाइपवर नायट्राइल रबर चिकटवतो तो गोंद, डक्टच्या सांध्यांचे सीलंट, इलेक्ट्रिशियनचा आगरोधक सीलंट, काचेचे सिलिकॉन, पीयू फोमच्या नळ्या, टाइलचा गोंद. इमारतीच्या जलरोधक आवरणाच्या आत साइटवर जे काही ओले लावले जाते, ते या यादीत येते. टाइलच्या सिमेंटी गोंदात व्हीओसी जवळजवळ नसते, पण त्याचा कागद नसेल तर तोही हरकतीचाच विषय. आपल्याकडच्या यादीत सहसा राहून जातो तो नायट्राइल रबराचा गोंद. तो वातानुकूलनाच्या निविदेत 'ॲक्सेसरीज' या शब्दाखाली लपलेला असतो.

अमेरिकेत फर्निचर बहुतेक कारखान्यातून तयार येते, त्यामुळे तिथला गोंद कारखान्यातच वाळतो. पुण्यातल्या कार्यालयात मात्र सुतार प्लाय साइटवर कापतो, साइटवरच सनमायका चिकटवतो. तोच गोंद इथे 'साइटवर लावलेला' ठरतो आणि वर्गात मोजला जातो. कारखान्यात तयार झालेले मॉड्युलर फर्निचर घेतल्याने कागदाचे ओझे हलके होते, हा एक व्यावहारिक फायदा. अर्थात मग फर्निचरचा वर्ग वेगळा सिद्ध करावा लागतो.

साइटवर कागद कसा हलतो

या कामाला सल्लागारापेक्षा स्टोअरकीपर महत्त्वाचा आहे, असे म्हटले तर सल्लागारांना राग येईल. पण इनवर्ड रजिस्टरशिवाय हा पुरावा उभा राहत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून टेंपो निघतो तेव्हा चलनावर 'प्लाय 19 एमएम, 40 नग' एवढेच असते. कंपनीचे नाव नाही, ग्रेड नाही. सहा महिन्यांनी हे चलन कोणत्या प्रमाणपत्राला जोडायचे? विक्रेत्याशी पहिल्याच ऑर्डरमध्ये ठरवून घ्यावे की बिलावर आणि चलनावर कंपनी, उत्पादनाचे पूर्ण नाव, ग्रेड आणि जाडी येईल. तो आधी कुरकुर करतो, मग करतो.

माल उतरवताना दोन फोटो: फळीवरचा शिक्का वाचता येईल असा एक, गठ्ठ्यावरचे लेबल वाचता येईल असा एक. टोस्काच्या लेबलवर उत्पादकाचे नाव, लॉट क्रमांक आणि प्रमाणित करणाऱ्या त्रयस्थ संस्थेचा क्रमांक असतो. हा त्रयस्थ क्रमांक म्हणजे कागदाच्या साखळीतली मधली कडी. गोंदाच्या डब्याचा फोटो काढताना नाव आणि बॅच दोन्ही यावेत. मोबाइलने तारीख आपोआप येते, पण फाइलचे नाव तरी 'आयएमजी 4471' असे ठेवू नये.

प्रत्येक उत्पादनाला एक ओळ, असा तक्ता पहिल्या दिवसापासून भरावा. त्यात उत्पादनाचे नाव, कंपनी, कुठे वापरले, कोणत्या वर्गात, मर्यादा किती, उत्पादनाचा आकडा किती, तो कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावर आहे, किती लिटर किंवा चौरस मीटर वापरले, बिल क्रमांक. 'कोणत्या पानावर' हा रकाना लोक टाळतात. परीक्षक चाळीस पानांच्या माहितीपत्रकात आकडा शोधत बसणार नाही. त्या पानावर आकड्याभोवती चौकट काढून द्यावी.

कंपनीचे घोषणापत्र घ्यायचे तर ते उत्पादनाच्या नावाने असावे, 'आमची सर्व उत्पादने पर्यावरणपूरक आहेत' अशा थाटाचे नको. बिलावर जे नाव आहे तेच पत्रावर हवे. बिलावर 'सुपर', पत्रावर 'सुपर प्लस' असेल, तर परीक्षकासाठी ती दोन उत्पादने आहेत. तारीख, सही, हुद्दा आणि चाचणीची पद्धत हवी.

आणि रात्रीची खरेदी. गोंद संपला, दुकान उघडे आहे, सुताराने कोपऱ्यावरून एक डबा आणला. या डब्याचे बिल नसते, नोंद नसते, फोटो नसतो, आणि 100 टक्क्यांच्या अटीत तो एकटाच पुरेसा असतो. साइटवर मान्य गोंदाचा जादा साठा ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. मान्य उत्पादनांची चित्रांसकट यादी स्टोअरच्या दारावर लावावी. ती हिंदी आणि मराठीत असावी, कारण वाचणारा सुतार गोरखपूरचा असतो किंवा सांगलीचा.

75 टक्क्यांचे गणित

लीड 4.1 मध्ये लाकडी फळ्यांच्या वर्गात खर्चाने किंवा पृष्ठभागाने 75 टक्के माल नियमात बसावा लागतो. शंभर नाही, म्हणून लोक सैलावतात. समजा एका कार्यालयात प्लाय 16 लाखांचा, एमडीएफ 10 लाखांचा आणि फ्लश डोअर 9 लाखांचे, एकूण 35 लाख. प्लाय आणि एमडीएफचे कागद चोख आहेत, दारांचे नाहीत. 35 पैकी 26 लाख, म्हणजे 74.3 टक्के. वर्ग गेला. दारे नेहमीच्या मिस्त्रीकडून, वेगळ्या ऑर्डरीत आली होती, म्हणून कोणाच्या ध्यानात आली नाहीत. दाराच्या आतला गाभा आणि ब्लॉकबोर्डच्या पट्ट्या यांतही गोंद असतो, हे इथे विसरले जाते.

याच उदाहरणात पृष्ठभागाने मोजले असते तर निकाल वेगळा येऊ शकला असता. कोणती मोजदाद घ्यायची, ते आराखड्याच्या वेळीच दोन्हींनी करून पाहावे आणि एक पक्की करावी. मध्येच बदलली तर सगळी बिले पुन्हा चाळावी लागतात.

ज्यांना कागदांचा हा पसारा नको, त्यांच्यासाठी काही रस्ते आधीच मोकळे आहेत. दगड, सिरॅमिक, काच, काँक्रीट, पावडर कोटिंग केलेला धातू आणि पॉलिश न केलेले साधे लाकूड यांना लीड मुळातच उत्सर्जन न करणारे मानते. वापरून एक वर्षाहून जुने झालेले, पुन्हा वापरात आणलेले साहित्यही तसेच, फक्त त्यावर साइटवर लावलेले नवे पॉलिश नियमात असावे. जुन्या वाड्यातले सागवानी दरवाजे नव्या कार्यालयात बसवणाऱ्यांना याचा अनपेक्षित फायदा होतो.

कडा लॅमिनेटने बंद केल्या की फळीतून बाहेर पडणारा वायू कमी होतो, हे खरे आहे, आणि राहणाऱ्यांच्या नाकासाठी ते करावेच. पण त्यामुळे कच्च्या फळीचा दर्जा कागदावर बदलत नाही.

शेवटी हरकत आलीच तर उत्तर थोडक्यात द्यावे. परीक्षक सहसा एकच मुद्दा विचारतो: हे प्रमाणपत्र या उत्पादनाचे कशावरून? त्याला कंपनीचा इतिहास पाठवू नये. बिल, लेबलचा फोटो, कार्यकारी आदेश आणि तक्त्यातली ओळ एकाच पानावर, एकमेकांना जुळणारे शब्द अधोरेखित करून द्यावेत. कागद मिळणारच नसेल, तर ते उत्पादन लपवू नये. ते 'न बसणारे' म्हणून टक्केवारीत धरावे आणि उरलेल्या वर्गांतून गुण मिळवावेत. काम संपल्यावरही फाइल फेकू नये. टोस्काखाली या नोंदी तीन वर्षे जपण्याची सक्ती उत्पादक आणि विक्रेत्यांवर आहे. इमारतमालकावर ती नसली तरी पुढच्या वर्षी भाडेकरू नवे फर्निचर करायला घेतो तेव्हा मान्य प्लाय आणि गोंदाची तयार यादी त्याच्या सुताराला देता येते.